प्रकाशझोत आणि झोतामागचा माणूस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे व इतरांनी ऐकावे असा प्रघात पडला आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण म्हणाल तर विडी कामगारांच्या सभा, वाचनालयातली पुस्तके आणि कामगार कोर्टाच्या पायऱ्या यांवर झाले. तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले त्या वेळी संकोच वाटणे साहजिक होते. पण ते म्हणाले, "तुम्ही पाहिले असेल तेच सांगा." म्हणून विषय घेतला तो आपल्या बांधीतला. नाटकात नटाच्या मागेमागे फिरणारा उजेडाचा गोल आपण लहानपणापासून पाहत आलो. आपल्याकडे त्याला सरसकट 'फोकस' म्हणतात, शहरातले जाणकार 'फॉलो स्पॉट' म्हणतात. या झोताचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. हा ग्रंथ झाडीपट्टीच्या बाहेरही वाचला जाईल, म्हणून आपणांस ठाऊक असलेल्या दोन-चार गोष्टी मी पुन्हा सांगितल्या तर आपण क्षमा करावी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा व जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झाले, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरतात, शंकरपट होतात, आणि त्या निमित्ताने नाटके लागतात. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होते आणि पहाटे संपते. पूर्वी गावातलीच माणसे नट होत. हल्ली बहुतेक नाटके वडशाच्या कंपन्या आणतात. ती होळीपर्यंत चालतात. या रंगभूमीचे जुने नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांना आनंद झाला. आपल्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडी बोलीचा जो अभ्यास केला, त्यामुळे या मुलखाला स्वतःच्या भाषेची लाज वाटेनाशी झाली. नटाचे झाले, भाषेचे झाले. नाटकातल्या दिव्याविषयी मात्र कोणी फारसे बोललेले माझ्या ऐकण्यात नाही.

हा विषय माझ्या मनात आला तो गेल्या हिवाळ्यात. आपल्याच तालुक्यातील एका गावी मंडईचे नाटक होते. प्रेक्षकांच्या मागे बांबूंचा मचाण बांधला होता. विशीतला एक मुलगा नवा एलईडीचा फोकस घेऊन वर चढत होता, आणि तो दिवा त्याने एका हाताने उचलला होता. मी थांबून पाहत राहिलो. कारण तरुणपणी मी स्वतः या कामावर दोन हंगाम काढले आहेत. आमचा दिवा वर चढवावयास दोन माणसे लागत, आणि पेटल्यानंतर अर्ध्या तासाने त्याच्या पत्र्याला हात लावण्याची सोय नसे. मी त्या मुलाला विचारले, "बापू, किती वॅटचा आहे हा?" तो म्हणाला, "दोनशेचा, काका. पर जुन्या हजाराच्या बरोबर पडते." "आणि तुला रात्रीचे किती पडतात?" तो हसला. म्हणाला, "ते मालकाले माहीत. हंगाम सरल्यावर हिशेब होते."

दिव्याचा आकडा त्याला पाठ होता. स्वतःचा आकडा त्याला ठाऊक नव्हता. त्या रात्री नाटकाकडे माझे लक्ष लागले नाही. आज जे सांगणार आहे ते त्या एका उत्तरातून निघाले आहे.

उजेडाने नटाच्या मागे चालावे ही कल्पना विजेची नव्हे. ती मशालीची आहे. गुजरातेतील भवाईत मशालची असतो. नटाच्या तोंडाजवळ मशाल धरून तो त्याच्याबरोबर फिरतो, म्हणजे बसलेल्या लोकांना नटाचे डोळे, भुवया, हसणे-रडणे दिसते. आपल्याकडे गोंधळात दिवटी असते. आपल्या दंडारीत व खडी गंमतीत टेंभे पेटवून उभे राहणारी माणसे असत, असे मी लहानपणी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे. तेल ओतावयाचे, काजळी झटकावयाची, वारा आला तर पाठ आडवी करावयाची, आणि ज्याचे बोलणे चालू आहे त्याच्याकडे उजेड न्यावयाचा. गंमत पाहणारा राधेकडे पाही, गड्याकडे पाही. टेंभा धरणाऱ्याकडे कोणी पाहत नसे. वस्तुतः त्याने बाजूला पाहिले असते तर राधाही दिसली नसती.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी नाटक मंचावर उभे राहिले. पुढे रॉकेलचे दिवे आले आणि मग गॅसबत्ती आली. गॅसबत्तीचे मर्म तिच्या जाळीत आहे, जिला आपण 'मेंटल' म्हणतो. ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ साली ती जाळी शोधली. थोरियम व सिरियम या धातूंच्या क्षारात भिजवलेली ती कापडी पिशवी जळून गेली तरी तिची राख तशीच आकार धरून राहते आणि ज्योतीत पांढरीशुभ्र तापते. १९१०च्या सुमारास बर्लिनच्या माक्स ग्रेट्झने रॉकेलची, पंप मारावयाची पेट्रोमॅक्स बत्ती काढली. जर्मनीतली ही बत्ती पुढे हिंदुस्थानच्या खेड्याखेड्यांत लग्नाच्या वरातीपुढे चालू लागली आणि आपल्या नाटकाच्या मांडवात टांगली गेली.

गॅसबत्तीने उजेड भरपूर दिला, पण एक गोष्ट हिरावून घेतली. मशाल नटामागे चालत होती, बत्ती टांगलेली राहिली. आता नटाला उजेडाकडे यावे लागे. माझ्या लहानपणी मी पाहिलेल्या एका नाटकात आई आपल्या मुलाच्या प्रेताशी रडत होती, आणि ती रडता रडता हळूहळू मधल्या बत्तीखाली सरकत होती, कारण कोपऱ्यात तिचे तोंड दिसत नव्हते. मध्यरात्र उलटली की बत्ती मंद होई. मग बत्तीवाला सरळ रंगमंचावर येई, शिडी लावी, बत्ती उतरवी, पंप मारी, पिन मारी आणि पुन्हा टांगी. तोपर्यंत राजाचा दरबार थांबून राही. प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे. उलट बत्ती भडकली की एकच हाळी उठे. बत्तीवाला तेवढ्या क्षणापुरता लोकांना दिसत असे. मला वाटते, दिव्याच्या साऱ्या इतिहासात दिवेवाला लोकांना दिसला तो तेवढाच काळ.

आता थोडे दूरदेशी जाऊ, कारण फोकसचा जन्म तेथला आहे. आपल्याकडे मशाली जळत होत्या त्याच शतकात विलायतेत एक विलक्षण दिवा निघाला. हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन वायू एकत्र जाळून त्यांची ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडली की तो चुना डोळे दिपतील असा तळपतो. कळीचा चुना म्हणजे भिंतीला लावण्याआधी आपण पाण्यात विरवतो तोच. गोल्ड्सवर्दी गर्नी याने हा प्रकार दाखवला. थॉमस ड्रमंड या लष्करी इंजिनियराने १८२५ साली आयर्लंडच्या जमीन-मोजणीत दूरच्या डोंगरावरून खूण दिसावी म्हणून तो वापरला. १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला. भिंगातून त्याचा झोत एका नटावर टाकता येई आणि नट चालला की झोतही वळवता येई. मशालीची युक्ती परत आली, मात्र आता ती मशाल पन्नास-शंभर हातांवरून चालत होती.

हा चुन्याचा दिवा आपोआप जळत नसे. प्रत्येक दिव्यामागे एक माणूस उभा लागे. ज्योतीने चुन्याला खड्डा पडू लागला की कांडी फिरवावयाची, दोन वायूंचे प्रमाण राखावयाचे, आणि त्याच वेळी नटावरून झोत हलू द्यावयाचा नाही. वायू चामड्याच्या वा रबरी कापडाच्या मोठ्या पिशव्यांत भरून त्यावर फळ्या व वजने ठेवीत. दाब चुकला तर स्फोट होई. रंगमंचाच्या वर, दोरखंडांच्या गर्दीत, उष्ण्यात तो माणूस उभा राही. इंग्रजी भाषेत 'प्रसिद्धीस येणे' या अर्थाचा जो वाक्प्रचार आहे तो या चुन्याच्या दिव्यावरूनच आला, आणि मराठीतही आपण 'अमका प्रकाशझोतात आला' असे म्हणतो. दिवा विझून शंभर वर्षे झाली. त्यावरून बनलेला शब्द राहिला. दिवा धरणाऱ्यासाठी मात्र तसा शब्द कोणत्याच भाषेने केला नाही.

त्यानंतरची पायरी विजेची. १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरात कार्बनच्या दोन कांड्यांमधील विजेच्या ठिणगीने रंगमंचावर सूर्योदय दाखविला गेला. नाट्यगृहे तोपर्यंत कोळशाच्या गॅसवर उजळत आणि त्या गॅसने माणसे मरत. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नातील रिंग थिएटरला आग लागून शेकडो प्रेक्षक दगावले. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय थिएटरने आपला सारा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. इमारतीत सुमारे १,२०० दिवे होते. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात उभे राहून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आग लागू नये हे विजेच्या बाजूचे मोठे कारण होते, हे मी मुद्दाम सांगतो. नवे यंत्र माणसाचा जीव वाचवीत असेल तर त्याचे स्वागत करण्यात कामगार चळवळीने कधी कमीपणा मानू नये.

कार्बनचा झोत आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी पाहिला आहे, भले नाटकात पाहिला नसेल. जुन्या टॉकीजच्या यंत्रात तोच जळत होता. ऑपरेटर खिडकीतून डोकावून कांड्या पुढे सरकवी, आणि विसरला तर पडदा पिवळा पडून लोक शिट्ट्या मारीत. पुढे झेनॉन वायूचे दिवे आले. ते इतक्या दाबाखाली असतात की हाताळताना तोंडावर जाळी बांधावी लागते. मग धातूंच्या क्षारांचे दिवे आले. ते पेटल्यावर पूर्ण तेजावर येण्यास काही मिनिटे घेतात आणि एकदा विझवले तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत. आमच्या झाडीपट्टीत यांपैकी फारसे काही पोचले नाही. आम्हांला मिळाला तो हजार वॅटचा हॅलोजन. त्याची दहा हिश्शांतील जवळजवळ नऊ हिस्से वीज उष्णतेत जाते. पौषाच्या थंडीत मचाणावर आम्ही त्यावर हात शेकत असू, हा त्याचा एक फायदा. बाकी रंगीत जिलेटीनचा कागद दोन रात्रींत करपे, आणि मचाणावरून उतरताना पोळलेल्या बोटांना आम्ही तेल लावीत असू.

आता एलईडी. हा दिवा पेटत नाही व तापून लाल होत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या एका लहानशा तुकड्यातून वीज जाताना सरळ प्रकाशच बाहेर पडतो. लाल एलईडी १९६२ साली निक होलोनियाक याने अमेरिकेत केला. पुढे हिरवाही झाला. निळा मात्र तीस वर्षे होईना, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही, कारण पांढरा एलईडी म्हणजे निळ्या तुकड्यावर चढवलेला पिवळा लेप. जपानात इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ती कोंडी फोडली. नाकामुराने १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी जगापुढे ठेवला. या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातली एक हकिगत मला कामगार म्हणून फार महत्त्वाची वाटते. नाकामुरा हा निचिया नावाच्या कंपनीचा पगारी नोकर होता. या शोधाबद्दल कंपनीने त्याला बक्षीस म्हणून २०,००० येन दिले. कंपनीने त्या दिव्यावर अफाट पैसा मिळवला. नाकामुराने दावा लावला. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीने त्याला २० अब्ज येन द्यावेत असा निकाल दिला. कंपनी वरच्या न्यायालयात गेली आणि २००५ साली सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. ज्याने जगाला हा दिवा दिला त्यालाही आपल्या श्रमाचे मोल मागावयास कोर्टाची पायरी चढावी लागली. मग आपल्या मचाणावरच्या मुलाला आपला आकडा ठाऊक नसला तर नवल ते काय!

एलईडीचे गुण मी नाकारीत नाही. तो हलका आहे. बटण दाबताच पूर्ण तेजाने लागतो व तसाच मिटतो. जिलेटीन जळत नाही, किंबहुना कित्येक दिव्यांत ते लागतच नाही, रंग आतूनच बदलतो. उन्हाळ्याच्या तोंडी नटाच्या अंगावर घामाचे लोट येत ते कमी झाले. त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्वस्तातल्या दिव्यांत तांबडा रंग कमी पडतो, त्यामुळे रंगवलेले तोंड आजाऱ्यासारखे निळसर दिसते. आमचे जुने रंगभूषाकार सफेदा आणि मुरदाडशिंग लावीत ते बत्तीच्या पिवळ्या उजेडासाठी होते. (मुरदाडशिंगात शिसे असते, ते गेले हे बरेच झाले.) नव्या उजेडासाठी रंगभूषाही नव्याने शिकावी लागते. मोबाईलने चित्र घेतले तर कित्येकदा त्यावर पट्टे फिरतात. जनरेटरची वीज उसळली की आतला 'ड्रायव्हर' जातो, आणि हॅलोजनचा दिवा आम्ही अंधारात चाचपडत बदलत होतो तसा हा बदलता येत नाही. तो नागपूरला पाठवावा लागतो.

मचाणावरच्या माणसाचे काम मात्र या दिव्याने सोपे केलेले नाही. हे काम काय आहे ते नाटक पाहणाऱ्याला सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. झोत नटाच्या मागे नेतात असे म्हणतो खरे, पण तो प्रत्यक्षात नटाच्या किंचित पुढे न्यावा लागतो, म्हणजे नट अंधारात पाऊल टाकीत नाही. गाणे असेल तर पायांपासून घ्यावयाचा. भांडण असेल तर कमरेपासून. आई रडू लागली की आयरिस हळूहळू मिटीत केवळ तोंड ठेवावयाचे, आणि तेही असे की गोल लहान होतो आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये. आपल्या झाडीपट्टीचा विनोदी नट लिहिलेले बोलत नाही. तो लोकांत उतरतो, एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसतो, परत वर उडी मारतो. कोणत्या क्षणी उतरणार हे त्यालाही आधी ठाऊक नसते. फोकसवाल्याने ते त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखावयाचे. नटाच्या अंगावर खूण बांधून झोत आपोआप त्याच्यामागे फिरवणारी यंत्रे परदेशात मोठ्या रंगमंचांवर आहेत. ती नटाच्या मागे जातील. पण तोंड फिरवून उभी राहिलेली आई आता वळणार आहे, हे त्यांना कळणार नाही. ज्याने तेच नाटक चाळीस रात्री पाहिले आहे त्याला ते कळते. एका जुन्या फोकसवाल्याने मला सांगितले होते, "भाऊ, नाटक मले तोंडपाठ आहे. पर नाटकाच्या कागदावर माजं नाव नाही."

आता थोडा हिशेब करू. वीस दिव्यांचा मंच धरा. जुने हॅलोजन हजार वॅटचे, नवे एलईडी दोनशेचे. सगळे दिवे सगळा वेळ लागत नाहीत, म्हणून सरासरी निम्मे जळतात असे धरू. आठ तासांच्या रात्रीत हॅलोजनला ८० युनिट वीज लागली आणि एलईडीला १६. वाचले ६४ युनिट. जनरेटर एका लिटर डिझेलमागे ढोबळ मानाने तीन युनिट देतो. म्हणजे रात्रीला एकवीस लिटर डिझेल वाचले. लिटरला ९० रुपये धरले तर सुमारे १,९०० रुपये झाले. दिवे नवीन घ्यावे लागले, त्यांचा खर्च आहे, तो मालकाने आधी वसूल करून घ्यावा यात गैर काही नाही. पण वसूल झाल्यावर? ती बचत तिकिटात कमी झाली नाही, हे आपण तिकिटे काढतो म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मग तिच्यातला एखादा हिस्सा मचाणावर चढावा, इतके मागणे अवास्तव नाही.

मालकांवर मी सरसकट दोष ठेवीत नाही. हा धंदा किती नाजूक आहे ते गेल्या बारा वर्षांत दिसले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि शंकरपटाबरोबर नाटकेही कित्येक गावांतून उठली. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या काळात करोना आला. मार्च २०२० नंतर पडदे गुंडाळले गेले आणि दिवे पेट्यांत पडून राहिले. त्या हिवाळ्यात मी ओळखीच्या एका फोकसवाल्याला राईस मिलमध्ये पोती वाहताना पाहिले. मालकाचे नुकसान झाले ते कर्जाच्या कागदावर तरी दिसले. या माणसाचे नुकसान कोणत्याच कागदावर नव्हते, कारण तो स्वतःच कोणत्या कागदावर नव्हता.

कागदावर नसणे म्हणजे काय, हे मी फार पूर्वी एका रात्री शिकलो. कोणत्या कंपनीचे नाटक आणि कोणते गाव हे मी सांगणार नाही. मला वैर नको, धडा हवा. पौषातला अवकाळी पाऊस झाला होता. बांधी ओली, मचाण ओला. दिव्याच्या पत्र्यात वीज उतरली होती. आमच्यातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने झोत वळवावयास हात लावला आणि तो फेकला जाऊन खाली पडला. जीव वाचला. उजवा हात मात्र पुन्हा पुरता मिटला नाही. नाटक अर्धा तास थांबले आणि पुढे चालू झाले. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप विचारत फिरला. गावचे मंडळ म्हणाले, आम्ही नाटक कंपनीकडून घेतले. कंपनी म्हणाली, दिवे भाड्याचे होते. दिवेवाला म्हणाला, पोरगा हौसेने आला होता. कामगाराच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ पासून होता. पण कामगार कोणाचा हेच सिद्ध करता येत नव्हते. मी त्या बापाबरोबर तीन ठिकाणी गेलो आणि तिन्ही ठिकाणांहून परत आलो. पुढल्या वर्षी मी संघटनेचे काम धरले.

सिनेमातल्या दिवेवाल्यासाठी १९८१ साली केंद्र सरकारने कायदा केला. लेखी करारावाचून त्याला कामावर घेता येणार नाही असे त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत तो कायदा सामावला, आणि दृकश्राव्य निर्मितीतील कामगार असा वर्ग आला. दिवा तोच, धरणारा हात तोच. एक कॅमेऱ्यासमोर धरतो म्हणून करारास पात्र, दुसरा बांधीत धरतो म्हणून हौशी! नाटकाच्या मचाणाचा विचार या तरतुदीत झालेला नाही. तो व्हावा म्हणून मागणी करीत राहणे हे आमचे काम आहे. पण कायद्याची वाट पाहत बसण्यापूर्वी आपल्या हातात असलेले पुष्कळ आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. मी स्वतः काही दिवेवाल्यांना घेऊन बसलो. धंदा कोणता लिहावा, असा पहिला प्रश्न आला. एकाने 'शेतमजूर' लिहा म्हटले. मी म्हटले, तू शेतमजूर आहेसच, पण होळीपर्यंत तू विजेचा कारागीर आहेस, ते लिही. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

आपल्या गावात नाटक आणणारी मंडळे आहेत. त्यांतले कित्येक कार्यकर्ते आज समोर बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. कंपनीशी ठराव करताना चार ओळी वाढवा. दिवेवाल्याचे व पडदेवाल्याचे नाव ठरावात असावे. रात्रीची मजुरी किती ते लिहिलेले असावे. मंचाला आणि जनरेटरला अर्थिंग असावे, आणि वीज उतरली तर आपोआप तोडणारा स्विच असावा. मचाण कोणी बांधला व कोणी तपासला याची सही असावी. याला फार पैसा लागत नाही. आणि नटांची नावे लाऊडस्पीकरवर पुकारता तेव्हा शेवटी एक नाव आणखी पुकारा. त्याने नाटकाचा दोन मिनिटांहून अधिक वेळ जाणार नाही.

हे बोलणे लिहून काढण्यापूर्वी मी त्या एलईडीवाल्या मुलाला पुन्हा भेटलो. हंगाम संपला होता. हिशेब झाला का, असे विचारले. "झाला काका," म्हणाला. मी त्याला म्हटले, पुढल्या हंगामाला एक वही कर. तारीख, गाव, नाटक आणि रात्रीचा आकडा, इतके लिही. पहिल्या पानावर आपले नाव लिही. त्याने वही घेतली आहे. परवा दाखवावयास आला होता. पाने कोरी आहेत, कारण धान अजून पेरावयाचे आहे. पहिल्या पानावर नाव मात्र आहे.